मोटार व्यवसायासाठी वाहतूक आणि लॉजिस्टिक्स व्यवस्थापन कसे शिकावे: मुंबईतल्या विद्यार्थ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शन

चाकणच्या कारखान्याला सुटे भाग वेळेवर पोचवणारा, कळंबोलीत ट्रक भाड्याला लावणारा, अंधेरीतल्या शोरूमची गाडी आरटीओतून नोंदवून घेणारा आणि मुंबई बंदरात निर्यातीच्या मोटारी जहाजावर चढवून घेणारा, ही चारही माणसे आपण लॉजिस्टिक्समध्ये आहोत असेच सांगतात. पण त्यांच्या रोजच्या कामात निम्मेही साम्य नसते. त्यामुळे ‘लॉजिस्टिक्सचा कोणता कोर्स करू?’ या प्रश्नाचे उत्तर, मोटारीच्या धंद्यात नेमके कुठे बसायचे आहे हे ठरल्याशिवाय देता येत नाही. बहुतेक विद्यार्थी आधी महाविद्यालय निवडतात, मग नोकरी शोधतात आणि शेवटी काम कशाचे आहे हे त्यांना कळते. हा क्रम उलटा केला तर वेळ आणि फी दोन्ही वाचतात, म्हणून पुढची मांडणी त्याच क्रमाने केली आहे.

पहिली पायरी: धंद्याची बाजू ठरवणे

मुंबईच्या आसपास मोटार व्यवसायात लॉजिस्टिक्सची कामे मोटामोटी पाच ठिकाणी सापडतात.

पहिली बाजू कारखान्यांच्या पुरवठ्याची आहे. कांदिवलीत महिंद्राचा कारखाना शहराच्या आतच आहे. पिंपरी, चाकण, रांजणगाव, नाशिक आणि छत्रपती संभाजीनगरजवळचे वाळूज व शेंद्रा ही बाकीची ठाणी. येथे एकच गाडी ठरलेल्या वेळी चार-पाच पुरवठादारांकडे फिरून माल गोळा करते. याला ‘मिल्क रन’ म्हणतात आणि गाडी अर्धा तास उशिरा आली तरी जुळणीची साखळी अडू शकते. वेळेचा ताण सोसणाऱ्यांसाठीच हे काम आहे.

दुसरी बाजू तयार मोटारींच्या वाहतुकीची, म्हणजे कार कॅरिअर (मोटारी वाहून नेणारे लांब ट्रेलर), स्टॉकयार्ड (तयार मोटारी उभ्या करून ठेवण्याचे आवार) आणि निर्यातीची. तिसरी बाजू डीलरची असून तिच्यात सुट्या भागांचे भांडार, गाडीची विक्रीपूर्व तपासणी, नोंदणीचे कागद आणि ग्राहकाला द्यायची डिलिव्हरी हे सगळे येते. चौथी बाजू सुट्या भागांच्या व्यापाराची. ऑपेरा हाऊस आणि ग्रँट रोड पूर्वेच्या गल्ल्यांतील घाऊक दुकाने, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरचा जुन्या मालाचा बाजार आणि भिवंडीतली वितरकांची गोदामे यांत ती पसरलेली आहे. पाचवी बाजू ट्रान्सपोर्ट कंपनीची, अर्थात वाशी, कळंबोली, वडाळा आणि मशीद बंदर येथील कार्यालयांची. गाड्या, चालक, भाडे आणि बिल्टी (माल ताब्यात घेतल्याची वाहतूकदाराची पावती) हेच तेथले जग.

माझे मत विचाराल तर ज्याला हिशेब आवडतो आणि ठरलेल्या वेळेत घरी परतायचे आहे त्याने डीलरच्या भांडारापासून सुरुवात करावी. ज्याला लवकर शिकायचे आहे आणि रात्री-अपरात्री वाजणाऱ्या फोनची भीती नाही त्याने ट्रान्सपोर्टच्या कार्यालयात जावे, मग सुरुवातीचा पगार थोडा कमी असला तरी चालेल. चालकांशी, हमालांशी, दलालांशी आणि ग्राहकाच्या लेखा विभागाशी एकाच दिवशी बोलावे लागेल अशी दुसरी जागा या धंद्यात नाही.

एक गैरसमज येथेच दूर केलेला बरा. आरटीओत सहायक मोटार वाहन निरीक्षक व्हायचे म्हणून काही जण लॉजिस्टिक्सची पदवी घेतात. हे पद महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून भरले जाते आणि त्यासाठी ऑटोमोबाइल किंवा मेकॅनिकल अभियांत्रिकीची पदविका वा पदवी लागते. व्यवस्थापनाची पदवी तेथे उपयोगी पडत नाही. खाकी गणवेशाची ओढ असेल तर दहावीनंतरच तंत्रनिकेतनाची वाट धरावी.

दुसरी पायरी: अभ्यासक्रम निवडणे

दहावीनंतर आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा आणि डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा व्यवसाय शिकवला जातो. व्यवस्थापनात जायचे असले तरी हा मार्ग कमी लेखू नये, कारण गाडी उघडून पाहिलेला माणूस पुढे भांडारात किंवा ताफ्याच्या देखभालीत बसला की त्याला कोणी सहसा फसवू शकत नाही.

बारावीनंतर बीबीए किंवा बीएमएस करायचे असेल तर एक बदल लक्षात ठेवावा. २०२४ पासून, अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता असलेल्या या अभ्यासक्रमांसाठी राज्याच्या सीईटी कक्षाची स्वतंत्र प्रवेश परीक्षा असते. बारावीच्या गुणांवर प्रवेश मिळेल या समजुतीत राहून अर्जाची मुदत चुकवू नये. लॉजिस्टिक्स विषयातील बीबीए किंवा बीकॉमचे काही वर्ग शिकाऊ उमेदवारी अंतर्भूत असलेल्या पदवीच्या स्वरूपात चालतात. त्यांत पदवीचा ठरावीक काळ प्रत्यक्ष कंपनीत विद्यावेतनावर काढावा लागतो, आणि मोटार व्यवसायासाठी मला हाच प्रकार सर्वांत उपयुक्त वाटतो. मात्र प्रवेशापूर्वी महाविद्यालयाला एकच प्रश्न लेखी विचारावा: मागच्या तुकडीतले विद्यार्थी कोणत्या कंपन्यांत गेले आणि त्यांतल्या किती कंपन्या गाड्यांच्या किंवा वाहतुकीच्या होत्या? उत्तरात ई-कॉमर्सच्या गोदामांचीच नावे येत असतील तर ते शिक्षण वाईट ठरत नाही, पण तुमचे काम त्याने होणार नाही.

पदवीनंतरच्या वाटांमध्ये पवईची आयआयएम मुंबई सर्वांत वर आहे. १९६३ मध्ये स्थापन झालेली नीटी ही संस्था २०२३ मध्ये आयआयएम झाली. ऑपरेशन्स आणि पुरवठा साखळीच्या शिक्षणासाठी तिचा लौकिक जुना आहे आणि प्रवेश कॅट परीक्षेतून होतो. राज्यातील इतर एमबीए महाविद्यालयांसाठी एमबीएची सीईटी द्यावी लागते. नोकरी करत शिकणाऱ्यांसाठी माटुंग्याच्या वेलिंगकर संस्थेसारख्या ठिकाणी पुरवठा साखळीची पदविका दूरस्थ अथवा मिश्र पद्धतीने करता येते. नवी दिल्लीची इन्स्टिट्यूट ऑफ रेल ट्रान्सपोर्ट परिवहन अर्थशास्त्र आणि बहुविध वाहतूक अशा विषयांच्या पदविका पत्रद्वारे देते. रस्ते वाहतुकीवर आणि ताफ्याच्या देखभालीवर भर हवा असेल तर पुण्याची केंद्रीय रस्ते परिवहन संस्था, म्हणजे सीआयआरटी, लक्षात ठेवावी. लंडनमध्ये १९१९ साली सुरू झालेल्या चार्टर्ड इन्स्टिट्यूट ऑफ लॉजिस्टिक्स अँड ट्रान्सपोर्टची भारतीय शाखाही आहे. तिच्या परीक्षा चार-पाच वर्षांच्या अनुभवानंतर दिल्या तर अधिक शोभतात.

दूरस्थ पदवीसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाची आणि व्यवस्थापन पदविकेसाठी तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता त्यांच्या संकेतस्थळावर स्वतः तपासावी. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ असे लिहिलेला फलक ही मान्यता नव्हे.

तिसरी पायरी: किलोमीटरचा हिशेब हातात बसवणे

पाठ्यपुस्तकात वाहतूक खर्चाचे प्रकरण दहा-बारा पानांत आटोपते. धंद्यात मात्र दिवसभर त्याच प्रकरणाचा हिशेब चालतो, म्हणून या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्यावा. एक उदाहरण घेऊ. त्यातले आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत, प्रत्यक्ष दर बाजारात विचारून घालावेत.

समजा, दहा टायरचा एक ट्रक आहे. त्याचा कर्जाचा मासिक हप्ता ६५,००० रुपये, चालकाचा पगार २५,०००, विम्याचा महिन्याचा वाटा १०,००० आणि परमिट, कर, फिटनेस, पार्किंग व कार्यालयाच्या खर्चाचा वाटा २०,००० रुपये येतो. गाडी हलली नाही तरी हे १,२०,००० रुपये महिन्याला जाणारच. आता चालता खर्च पाहू. डिझेल ९० रुपये लिटर आणि सरासरी लिटरला चार किलोमीटरची धरली तर किलोमीटरमागे साडेबावीस रुपये डिझेलचे होतात. एका टायरला २०,००० रुपये पडतात आणि पूर्ण संच ८०,००० किलोमीटर चालतो असे मानले तर टायरचे अडीच रुपये, ऑइल व दुरुस्तीचे तीन रुपये आणि टोल व वाटखर्चाचे सहा रुपये धरून चालता खर्च किलोमीटरला ३४ रुपयांवर जातो.

गाडी महिन्याला ८,००० किलोमीटर धावली तर स्थिर खर्चाचा वाटा किलोमीटरला १५ रुपये होतो आणि एकूण खर्च ४९ रुपये. तीच गाडी ५,००० किलोमीटरच धावली तर स्थिर वाटा २४ रुपयांवर जाऊन एकूण खर्च ५८ रुपये होतो. डिझेलचा दर एका पैशाने बदललेला नाही, चालकही तोच आहे, तरीही किलोमीटरमागे नऊ रुपयांचा फरक पडला. भाड्याला भाव मिळत नाही अशी तक्रार करणाऱ्या अनेक गाडीमालकांची खरी अडचण गाडी पुरेशी न धावणे ही असते, हे या हिशेबातून दिसते.

आता परतीचा माल. मुंबई ते नागपूर एका बाजूने ८०० किलोमीटर धरले तर जाऊन-येऊन १,६०० किलोमीटरचा खर्च ४९ रुपयांनी ७८,४०० होतो. रिकाम्या फेरीत डिझेल थोडे कमी लागते, ते सध्या सोडून देऊ. परतीला ३०,००० रुपयांचे भाडे मिळणार असेल तर जाताना किमान ४८,४०० मिळायला हवेत. नागपुरात पोचल्यावर दलाल सांगतो की आज निघालात तर २४,००० आणि दोन दिवस थांबलात तर ३०,००० मिळतील. काय करावे? उभ्या गाडीचा एक दिवस सुमारे ४,००० रुपयांचा, म्हणून दोन दिवसांचे ८,००० वजा केले की ३०,००० चे २२,००० च उरतात, शिवाय चालकाचा भत्ता वेगळा. आजचे २४,००० घेऊन निघावे. परंतु किलोमीटरमागचे १५ रुपये आणि दिवसाचे ४,००० रुपये हे एकाच स्थिर खर्चाचे दोन चेहरे आहेत, ते एका हिशेबात दोनदा धरू नयेत. परीक्षेतही आणि कार्यालयातही नवखी मुले येथेच घसरतात.

हा तक्ता एक्सेलमध्ये स्वतः तयार करावा आणि डिझेलचा दर, सरासरी, महिन्याचे किलोमीटर हे आकडे बदलले की बाकी सगळे आपोआप बदलेल अशी त्याची रचना करावी. नोकरीच्या मुलाखतीत हा तक्ता लॅपटॉपवर उघडून दाखवणारा उमेदवार दोन पानी बायोडेटा आणणाऱ्यापेक्षा निश्चितच पुढे जातो. सरासरी जाहिरातीतून घेऊ नये. कोणत्याही चालकाला भरलेल्या गाडीची आणि रिकाम्या गाडीची सरासरी वेगवेगळी विचारावी, तो दशांशासकट सांगतो.

चौथी पायरी: कागद वाचायला शिकणे

रस्त्यावरच्या ट्रकसोबत कागदांचे दोन गठ्ठे असतात, एक गाडीचा आणि एक मालाचा. गाडीच्या गठ्ठ्यात नोंदणी प्रमाणपत्र, फिटनेस, परमिट, विमा, पीयूसी आणि चालकाचा परवाना असतो. मालवाहू गाडीचे फिटनेस ती आठ वर्षांची होईपर्यंत दोन-दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी करावे लागते. नॅशनल परमिटसाठी वर्षाला १६,५०० रुपयांचे एकत्रित शुल्क भरावे लागते. या सगळ्यांच्या मुदती एका तक्त्यात मांडून महिनाभर आधी सूचना मिळेल अशी व्यवस्था करणे हे नव्या कर्मचाऱ्याला मिळणाऱ्या पहिल्या कामांपैकी एक असते.

मालाच्या गठ्ठ्यात मालाचे बिल, बिल्टी आणि ई-वे बिल, म्हणजे माल हलवण्याआधी जीएसटीखाली काढायचा ऑनलाइन कागद, असते. आंतरराज्य मालाची किंमत ५०,००० रुपयांहून अधिक असेल तर ई-वे बिल लागते. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा एक लाखाची आहे. ई-वे बिलाचा ‘अ’ भाग मालाचा आणि ‘ब’ भाग गाडीचा असतो. साध्या मालासाठी दर २०० किलोमीटरला एक दिवस याप्रमाणे त्याची मुदत ठरते, म्हणजे वरच्या नागपूरच्या फेरीला चार दिवस मिळतील. समजा, पुण्याकडे निघालेली एखादी गाडी खोपोलीच्या पुढे बोर घाटात बंद पडली आणि माल दुसऱ्या ट्रकमध्ये चढवला. माल तोच, मालक तोच, मुक्कामही तोच. तरीही ‘ब’ भागात नव्या गाडीचा क्रमांक भरल्याशिवाय ती गाडी हलवायची नाही, नाहीतर पुढच्या तपासणीत माल अडकतो. मुदत संपत असेल तर ती संपण्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या आठ तासांत वाढवून घेता येते. हे आठ तास बहुतेक वेळा मध्यरात्रीच्या अवतीभवती येतात, म्हणून ट्रान्सपोर्टच्या कार्यालयात रात्रपाळीला कोणीतरी बसलेला असतोच.

बिल्टी हा केवळ पावतीचा कागद समजू नये. रस्ते मालवाहतूक अधिनियम, २००७ आणि त्याखालचे २०११ चे नियम यांनुसार सार्वजनिक मालवाहकाला नोंदणी घ्यावी लागते. मालाची जादा किंमत जाहीर करून तसे ठरवलेले नसेल, तर नुकसानीबद्दलची त्याची जबाबदारी भाड्याच्या दहा पटींपर्यंत मर्यादित राहते. दोन हजारांच्या भाड्यात दोन लाखांचे गिअरबॉक्स पाठवणाऱ्याला वीस हजारांच्या वर मागता येणार नाही, असा याचा व्यवहारातला अर्थ. दावा करायचा तर माल बुक केल्याच्या दिवसापासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. माल उतरल्यावर बिल्टीवर शिक्का व सही घेतलेली प्रत, म्हणजे पोच, परत आली नाही तर भाड्याचे बिल अडकते. पोच गोळा करणे हे नव्या मुलाला कंटाळवाणे वाटणारे काम आहे, पण कंपनीचे पैसे त्याच कागदावर उभे असतात.

जादा वजनाचा दंडही पाठ असावा. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १९४ प्रमाणे तो २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये आहे, शिवाय जादा माल उतरवण्याचा खर्च वेगळा. मुंबईत चढ-उतार करताना १९६९ चा माथाडी कायदा आणि माथाडी मंडळांनी ठरवलेले दर व लेव्ही लागू होतात का, हे प्रत्येक ठिकाणी विचारून घ्यावे. नाहीतर कागदावर फायद्याची दिसणारी फेरी वाराईत, म्हणजे चढ-उताराच्या मजुरीतच संपते.

डीलरकडे जाणाऱ्याचे कागद वेगळे असतात. नव्या गाडीसाठी नोंदणीचा अर्ज नमुना २०, विक्री प्रमाणपत्र नमुना २१, उत्पादकाचे रस्तायोग्यता प्रमाणपत्र नमुना २२ आणि कर्ज असल्यास नमुना ३४ लागतो. जुनी गाडी नावावर करताना नमुना २९ व ३०, कर्जाचा बोजा उतरवताना नमुना ३५ आणि दुसऱ्या आरटीओकडे न्यायची असेल तर ना-हरकतीसाठी नमुना २८. नोंदणी न झालेली गाडी शोरूमबाहेर चालवायला डीलरकडे व्यवसाय प्रमाणपत्र असावे लागते. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांनाही नोंदणी प्राधिकरणाकडून अधिकारपत्र घेण्याची तरतूद लागू झाली असून, जुन्या गाड्यांच्या धंद्यात कागद समजणाऱ्या माणसाची गरज त्यामुळे वाढली आहे. मुंबईत ताडदेव ०१, अंधेरी ०२, वडाळा ०३ आणि बोरिवली ४७ ही कार्यालये. ठाणे ०४, नवी मुंबई ४३ आणि पनवेल ४६. ग्राहकाचा पत्ता कोणत्या हद्दीत येतो हे पटकन सांगता आले पाहिजे.

पाचवी पायरी: भांडार आणि स्टॉकयार्ड

सुट्या भागांच्या साठ्याचे दोन वर्गीकरणांनी व्यवस्थापन करतात. एकात किमतीनुसार अ, ब, क असे गट पाडतात, तर दुसऱ्यात खपाच्या वेगानुसार जलद, मंद आणि न हलणारा माल असे. दोन्ही एकत्र लावल्याशिवाय चित्र पुरे होत नाही, कारण महागडा पण वर्षभर न हललेला भाग भांडवल खातो आणि स्वस्त पण रोज लागणारा ऑइल फिल्टर संपला की सर्व्हिसची आख्खी रांग थांबते. दिवसाला आठ फिल्टर लागतात, माल यायला पाच दिवस लागतात आणि दोन दिवसांचा खप हाताशी राखायचा असेल, तर साठा ५६ वर आला की मागणी नोंदवावी. चाळीस वापरासाठी आणि सोळा राखीव. पावसाळ्यात घाट बंद पडण्याचा आणि रस्ते तुंबण्याचा काळ लक्षात घेऊन हा राखीव आकडा जूनपासून वाढवणारा भांडारपाल मला जास्त भरवशाचा वाटतो.

स्टॉकयार्डचे काम बाहेरून सोपे दिसते. कार कॅरिअरवरून गाडी उतरली की सतरा अक्षरांचा चेसिस क्रमांक कागदाशी जुळवायचा, दोन्ही किल्ल्या, स्टेपनी, जॅक व हत्यारांची पिशवी आहे का हे पाहायचे, काच आणि बंपरचे कोपरे उजेडात तपासायचे, आणि ओरखडा असेल तर चालकासमोरच पोचपावतीवर लिहून त्याची सही घ्यायची. कॅरिअर निघून गेल्यावर सापडलेला ओरखडा कोणाच्या खात्यावर टाकायचा, हा वाद मग महिनोन्महिने चालतो. त्यानंतर आधी आलेली गाडी आधी बाहेर जाईल अशी रांग लावायची आणि उभ्या गाड्यांची बॅटरी व टायरची हवा ठरावीक दिवसांनी पाहायची.

विजेवर चालणाऱ्या गाड्यांमुळे एक नवा विषय यात आला आहे. लिथियम-आयन बॅटरी वाहतुकीच्या नियमांत धोकादायक मालाच्या नवव्या वर्गात मोडते आणि एअरबॅगचे सुटे संचही धोकादायक मालातच धरले जातात. त्यांची बांधणी, लेबल आणि कागद वेगळे असतात. या विषयाचे छोटे प्रशिक्षण घेतलेली माणसे अजून कमी आहेत. ज्याला वेगळे काही दाखवायचे आहे त्याने हे जरूर करावे.

सहावी पायरी: बंदर आणि रस्ते समजून घेणे

१९८९ मध्ये सुरू झालेले न्हावा शेवा बंदर कंटेनरचे, तर मोटारींच्या निर्यातीसाठी मुंबई बंदर महत्त्वाचे. तेथे मोटारी क्रेनने उचलत नाहीत, तर चालवत रो-रो जहाजाच्या पोटात नेऊन आत बांधतात. आयातीचे सुटे भाग बहुतांशी कंटेनरने न्हावा शेव्याला येतात आणि तेथून उरण-पनवेल परिसरातल्या सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराबाहेरच्या कंटेनर ठेवण्या-उघडण्याच्या आवारांत जातात. विद्यार्थ्यांनी तीन शुल्कांमधला फरक नीट समजून घ्यावा: कंटेनर बंदरात मुदतीपेक्षा जास्त राहिल्याचे विलंब शुल्क, सीएफएसचे जागेचे भाडे, आणि रिकामा डबा उशिरा परत केल्याबद्दल जहाज कंपनी घेते ते डिटेन्शन. तिन्ही एकाच वेळी लागू शकतात. निर्यातीच्या कंटेनरला बंदराच्या गेटमधून आत जायला फॉर्म १३ लागतो, आणि तो हातात नसलेला ट्रेलर रस्त्याच्या कडेला रात्र काढतो.

रस्त्यांबाबत नकाशापेक्षा वेळ महत्त्वाची असते. मुंबईत जड वाहनांना गर्दीच्या वेळी अनेक रस्त्यांवर बंदी असते आणि वाहतूक पोलिसांच्या अधिसूचनांनी या वेळा बदलत राहतात, म्हणून त्या अधिसूचना वाचण्याची सवय ठेवावी. ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला होऊन ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पूर्ण झाला. आमणे हे भिवंडीजवळ असल्याने तेथील गोदामांचा विदर्भाशी आणि मराठवाड्याशी संबंध बदलला आहे, पण टोल धरून फायदा होतो का हे वरच्या तक्त्यात घालूनच ठरवावे.

सातवी पायरी: शिकाऊ उमेदवारी आणि पहिली नोकरी

संगणकाचे म्हणाल तर एक्सेल, टॅलीची तोंडओळख, वाहन पोर्टल, ई-वे बिल पोर्टल, फास्टॅग खात्याचे उतारे आणि जीपीएसचा अहवाल वाचता येणे एवढे सुरुवातीला पुरते. महागडी सॉफ्टवेअर कंपनी स्वतःच शिकवते.

१९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाखाली कंपन्या उमेदवार घेतात आणि त्यांची नोंदणी केंद्र सरकारच्या शिकाऊ उमेदवारीच्या पोर्टलवर होते. पोर्टलवर अर्ज करून वाट पाहत बसण्यापेक्षा कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलमध्ये किंवा मशीद बंदरच्या कार्यालयांत दुपारी दोन ते चारच्या दरम्यान प्रत्यक्ष जावे. सकाळी गाड्या खाली होत असतात, संध्याकाळी भरत असतात, दुपारी मालक बोलायला मोकळा असतो. चालकांशी हिंदीत, लेखा विभागाशी मराठीत आणि जुन्या पेढ्यांवर गुजरातीत बोलता आले तर दार लवकर उघडते. चालकाला ‘अरे-तुरे’ करू नये. पन्नाशीच्या चालकाला नव्या मुलाने ‘चाचा’ किंवा ‘भाऊ’ म्हणून विचारले तर गाडी कुठे अडली आहे याची खरी बातमी मिळते. नाहीतर ‘ट्रॅफिक आहे’ एवढेच उत्तर मिळते.

मुलाखतीत हमखास तीन गोष्टी विचारतात: एखाद्या फेरीचा खर्च काढायला सांगतात, एखादा कागद समोर ठेवून त्यातली चूक शोधायला सांगतात, आणि गाडी बंद पडली तर पहिला फोन कोणाला कराल असे विचारतात. तिसऱ्या प्रश्नात चालक सुरक्षित आहे का याची खात्री आधी, मेकॅनिक त्यानंतर आणि ग्राहक तिसरा. ग्राहकाला शेवटी कळवले तरी चालेल असे मात्र समजू नये, कारण त्याला उशिराची बातमी तुमच्याकडून कळणे आणि त्याच्या गेटवरून कळणे यात फार फरक आहे.

नेमणूकपत्र हाती आल्यावर कामाचे तास, रात्रपाळी, बदलीचे ठिकाण आणि भविष्य निर्वाह निधी या चार नोंदी त्यात आहेत का ते पाहावे. रोख रकमेची किंवा डिझेलच्या अ‍ॅडव्हान्सची जबाबदारी देणार असतील तर प्रत्येक देवघेवीवर सही घेण्याची पद्धत पहिल्याच दिवशी विचारून घ्यावी. दोन वर्षे काढल्यानंतर वाटा फुटतात. बंदराच्या कामात रमलेल्यांनी सीमाशुल्क दलालाच्या परीक्षेची तयारी करावी, ताफा सांभाळणाऱ्यांनी सीआयआरटीचे लघु अभ्यासक्रम पाहावेत आणि व्यवस्थापनात वर जाऊ इच्छिणाऱ्यांनी एमबीएचा विचार तेव्हा करावा; अनुभवानंतर केलेले एमबीए या क्षेत्रात जास्त मोल देते.

आणखी एक काम अभ्यासक्रम सुरू असतानाच उरकावे. हलक्या मोटार वाहनाचा पक्का परवाना काढून ठेवावा. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि तो मिळाल्यापासून तीस दिवसांनंतर पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. स्टॉकयार्ड आणि डीलर दोन्हीकडे गाडी जागच्या जागी हलवण्याची वेळ रोज येते, आणि परवाना नसलेल्या माणसाच्या हातात किल्ली देणे कंपनीच्या विम्यात बसत नाही, म्हणून अर्जाच्या पहिल्या छाननीतच हा रकाना पाहिला जातो.